वेगळं कुणाला बांधायचं?

मावशीची गाय मेली ती डोळे पांढरे होऊन मेली.

मावशी अथणी तालुक्यात असते. आमच्या जत तालुक्याला लागूनच. सरकारी कागद कानडी, घरातलं भांडण मराठी. गाय जर्सीच्या जातीची, कर्ज काढून आणलेली. दोन वेळचं मिळून बारा लिटर दूध. सुगी झाल्यावर मावशीनं रानात धनगराच्या मेंढ्या बसवल्या. आमच्याकडची ही जुनी रीत. मेंढ्या रात्री रानात बसतात, लेंड्या-मूत पडतं, रान कसदार होतं, धनगराला त्याबद्दल धान्य नाहीतर पैसे मिळतात. आठ रात्री मेंढ्या बसल्या. कोकरं पार गाईच्या गव्हाणीपर्यंत यायची, तिच्या तोंडाखालचा कडबा ओढायची. पोरांना मौज वाटायची. मग धनगरानं बिऱ्हाड घोड्यावर लादलं आणि तो पुढं गेला.

दोन महिन्यांनी गाय तापली. नाकातून आधी पाणी, मग पिवळा घट्ट शेंबूड. नाकाडं वाळून खपल्या धरल्या. तोंडातली कातडी सोलून यायला लागली. लाळ गळायची. उजेड सोसेना म्हणून भिंतीकडं तोंड करून उभी राहायची. आणि डोळे. बुबुळाच्या कडेनं पांढरं चढायला लागलं आणि आत आत सरकत गेलं. चौथ्या दिवशी गाय आंधळी.

गावानं निदान केलं. कुणी म्हणालं लाळ्या-खुरकूत. एक म्हातारा म्हणाला बुळकांडी परत आली. (बुळकांडी आता जगातच नाही. २०११ साली ती पृथ्वीवरून गेल्याचं जाहीर झालं. पण म्हाताऱ्याच्या डोक्यातून कशी जाईल? त्यानं गोठेच्या गोठे रिकामे झालेले पाहिले होते.) काही का असेना, सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं. गाय वेगळी बांधा. गावाबाहेर बांधा. मावशीच्या दिरानं ती ओढत नेऊन ओढ्यापलीकडं बाभळीला बांधली. मावशीच्या दुसऱ्या जनावरांना हौदावर पाणी पाजायला बंदी झाली. दूधवाल्यानं तिचं म्हशीचं दूध घेणं थांबवलं. दीर कडवट हसून म्हणाला, "वहिनी, आपला पाणवठा परत बंद झाला बघा."

मग तालुक्याहून जनावरांचा डॉक्टर आला. पोरसवदा. त्यानं डोळे बघितले, मानेखालच्या सुजलेल्या गाठी चाचपल्या, आजूबाजूला मेंढ्या होत्या का विचारलं. आणि म्हणाला, "हिला इकडं कशाला बांधलीय? हिच्यापासून दुसऱ्या गाईला काही होत नाही. ही जगायची नाही, पण निदान सावलीत मरू द्या."

गाय नवव्या दिवशी मेली. तोवर गावातले चार जण मोटारसायकली घेऊन धनगराला शोधायला निघाले होते.

हे सगळं मला फोनवर कळलं. मी रात्रपाळीत होतो. आमची गिरणी म्हणजे साकीनाक्याच्या मागचा कापड धुण्या-रंगवण्याचा कारखाना. आज्जाची लालबागची गिरणी वेगळी होती, तिला भोंगा होता. आमच्या ह्या पत्र्याच्या शेडलाही आम्ही गिरणीच म्हणतो, कारण घरात तोच शब्द वारसाहक्कानं आला. फोन ठेवला आणि डॉक्टरच्या त्या एका वाक्यानं मला धरलं. हिला इकडं कशाला बांधलीय? मी शाळा दहावीला सोडलेला माणूस. तत्त्वज्ञान मला पुस्तकातून कमी आणि अशा वाक्यांतून जास्त भेटतं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात माझा एक दोस्त शिकतो. त्याच्यामागं लागलो, की बाबा हा रोग काय आहे ते मला आपल्या भाषेत सांग. त्यानं सांगितलं ते असं.

रोगाचं नाव मॅलिग्नंट कॅटॅरल फीव्हर. मराठीत त्याला धड नाव नाही. विषाणूचा रोग. भारतात काश्मीरमध्ये, कर्नाटकात तो सापडल्याची नोंद आहे. आपल्याकडच्या प्रकाराचा विषाणू मेंढीच्या अंगात राहतो. जन्मानंतर काही महिन्यांत कोकराला तो लागतो आणि मरेपर्यंत अंगात असतो. मेंढीला त्याचं काही नाही. ती चरते, विते, लोकर देते, देवनारच्या बाजारात तिचे पैसे होतात. ताप नाही, खोकला नाही, डोळ्यात पाणी नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिचं आणि त्या विषाणूचं जमून गेलेलं आहे. सहा ते नऊ महिन्यांची कोकरं नाकातून तो सगळ्यात जास्त बाहेर टाकतात. तो गाईच्या, म्हशीच्या अंगात गेला की बहुतेक वेळा काहीच होत नाही, पण एखादीला रोग उठतो, आणि उठला की शंभरातली पाचसुद्धा जगत नाहीत. औषध नाही. लसही नाही, कारण हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवणंच अजून कुणाला जमलेलं नाही.

दोस्त म्हणाला, गंमत अशी की मेलेल्या गाईत विषाणू शोधायला गेलं तर फार सापडत नाही. गाईला मारतात तिच्याच रक्तातल्या राखणदार पेशी. विषाणू त्यांना फक्त बिथरवतो. मग त्या बेसुमार वाढतात आणि धन्याच्याच रक्तवाहिन्या खातात.

आणि शेवटची गोष्ट. गाईकडून रोग पुढं जात नाही. ना दुसऱ्या गाईला, ना वासराला, ना माणसाला. गाय म्हणजे त्या विषाणूची बंद गल्ली.

आता पुन्हा त्या बाभळीकडं बघा. जी कुणाला काहीही देऊ शकत नव्हती तिला गावाबाहेर बांधलं. जी देत होती ती मेंढी गावभर चरत होती, कारण तिचं नाक स्वच्छ होतं आणि ती धडधाकट दिसत होती. आजार जिथं दिसतो तिथूनच तो येतो, असं गावाला वाटलं. हे फक्त अडाणीपण आहे का? मला नाही वाटत. अडाणीपण असतं तर चूक कधी इकडं कधी तिकडं झाली असती. ही चूक हजार वर्षं एकाच बाजूला होत आलीय. जो सोसतो तोच दूषित. ज्याच्या अंगावर रोगाच्या खुणा आहेत त्यालाच वेशीबाहेर काढा.

माणसाची जनावराशी तुलना करू नये म्हणतात. बरोबर आहे. पण आम्हाला ती भीती कुणी घालू नये. गाईला गोठा होता तेव्हा आम्हाला गावकुसाबाहेरची जागा होती.

गावात मेलेलं ढोर ओढायचं काम आमच्या माणसांचं. ते बलुतं. बुळकांडीत दिवसाला पाच-पाच जनावरं पडायची, ती ओढायची, सोलायची, आणि भुकेपोटी खायचीही. ढोर कशानं मेलं हे गावात सगळ्यात आधी कुणाला कळायचं? ज्यानं सुरी लावून पोट फाडलं त्याला. आतडं कसं झालंय, काळीज कसं झालंय, हे त्यानं पाहिलेलं असायचं. पण त्याला कुणी विचारलं नाही. उलट संशय घेतला. उत्तर हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अंमलदारांनी चांभारांवर सरसकट आळ घेतला, की हे कातड्यासाठी गुरांना विष घालतात. रोगानं मेलेली जनावरंही ह्या हिशेबात किती धरली गेली असतील देव जाणे. प्रेताजवळ जो उभा, तो खुनी. इतका सोपा न्याय.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडला परिषद झाली, तळ्याचं पाणी प्यालं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच परिषदेत मेलेल्या जनावराचं मांस सोडायचं, ही घाण कामं सोडायची, हेही ठरलं होतं. त्यावर सवर्णांनी गावोगाव आमच्यावर बहिष्कार टाकले. म्हणजे बघा, ओढत होतो तेव्हा अशुद्ध म्हणून लांब, आणि ओढणं सोडलं तेव्हा माजलो म्हणून लांब. आणि २०१६ च्या जुलैत गुजरातेत उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या चौघा पोरांना गाडीला बांधून मारलं. गाय कशानं मेली हे मारणाऱ्यांनी विचारलं नाही. प्रेताजवळ कोण उभा आहे एवढंच पाहिलं. एकोणिसाव्या शतकातलाच न्याय, फक्त आता त्याचा व्हिडिओ निघाला.

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत साथ आली की मरीआईचा गाडा काढायचे. रोग त्या गाड्यावर बसवायचा आणि वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढचं गाव तो गाडा आपल्या शिवेवरून आणखी पुढं ढकलायचं. रोग संपवायचा विचार नाहीच, फक्त आपल्या शिवेतून पुढच्याच्या शिवेत. मरीआईचा पुजारी बहुतेक ठिकाणी आमच्यातलाच. म्हणजे देवी आमची, रोग आमचा, गाडाही आमचा. गाव फक्त बरं व्हायला.

मला वाटतं ह्या मुंबईची उपनगरं अशाच गाड्यांनी वसलीत. देवनारचं कचऱ्याचं मैदान १९२७ साली सुरू झालं. शहरातले म्हशींचे गोठे घाण करतात म्हणून १९४९ साली गोरेगावला आरे कॉलनी काढली. कत्तलखाना वांद्र्याला होता, तो १९७१ साली देवनारला गेला. आणि १९८२ च्या संपानंतर लालबाग-परळची माणसंही ह्याच दिशेनं सरकली. माझा आज्जा त्यातलाच. तो असल्फ्याच्या डोंगरावर येऊन टेकला. शहराला जे जे नको ते ते इकडं, आणि मग शहर नाक धरून म्हणतं, तिकडं फार घाण असते बुवा.

आज्जा रिंग खात्यात होता. जन्मभर. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं आमच्या माणसांना पूर्वीपासून मज्जाव. कारण काय, तर धोट्यात कांडी भरली की सूत तोंडानं ओढून घ्यायला लागायचं. एका साच्यावरचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार. महाराची थुंकी मराठ्याच्या ओठाला लागणार. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला, की कामगारांच्या मागण्या मागताय तर विणकाम खातं आमच्यासाठी उघडा ही मागणीही त्यात घाला. तो इतिहास झाला. मला त्यातली दुसरी बाजू दिसते. त्या धोट्यातून खरोखरच रोग पसरू शकत होता. क्षय पसरू शकत होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ सालीच आरोग्यापायी ही तोंडानं सूत ओढायची पद्धत कायद्यानं बंद केली होती. आपल्याकडं त्याच धोट्याची चिंता वाहिली गेली, पण जातीसाठी. क्षयानं खोकणारा विणकर जातीचा असेल तर त्याचा धोटा चालत होता. धडधाकट छातीचा माझ्या आज्जासारखा माणूस चालत नव्हता. खरा रोग तोंडात जात होता, आणि खोट्या रोगापासून सोवळं पाळलं जात होतं.

ह्याला जुनी गोष्ट म्हणणाऱ्यांनी २०२० आठवावं. कोरोना आला तो विमानातून आला, पासपोर्टवर शिक्का मारून आला. आमच्या डोंगरावर कुणाकडं पासपोर्ट होता? पण काही दिवसांतच पत्रे आमच्या गल्लीला लागले. आई पवईकडं एका सोसायटीत स्वयंपाकाला जाते. तिला गेटवर अडवलं. परदेशातून आलेला त्याच सोसायटीतला मुलगा लिफ्टनं वर गेला आणि आई परत आली. जुलैमध्ये महापालिकेनं मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्त तपासलं. झोपडपट्टीत शंभरातल्या सत्तावन्न जणांना लागण होऊन गेलेली, इमारतींत सोळा जणांना. लोक म्हणाले, बघा, म्हटलं नव्हतं का! अरे, पण ऐंशी माणसांना एक संडास असला की दुसरं काय होणार? आकडा सांगत होता की रोग कुठं साचला. तो आला कुठून ते त्या आकड्यात नव्हतं. गाईचे पांढरे डोळे दिसले. मेंढी लिफ्टनं वर गेली.

इथपर्यंत लिहून मी खूश होतो. उपमा चांगली बसली. मेंढी म्हणजे ते, गाय म्हणजे आपण. अंकाला लेख तयार. पण मग अडलो.

कारण त्या मेंढीचा गुन्हा काय? तिला काही माहीत नाही. तिला सांगताही येत नाही. मोटारसायकलवरून निघालेल्या त्या चौघांना धनगर सापडला असता तर त्यांनी त्याला झोडपलं असतं. त्याचा तरी गुन्हा काय? त्याच्या बापजाद्यांनी शेकडो रानांत मेंढ्या बसवल्या. शेतकऱ्यानंच बोलावलं. धनगराला कुणी सांगितलंच नव्हतं. न कळता आपल्या अंगातून जे दुसऱ्याकडं जातं त्याबद्दल कुणाला दोषी धरता येत नाही, हे मला मान्य करावंच लागतं. तसं नसेल तर बाळंतिणीपासून शाळामास्तरापर्यंत सगळेच फासावर.

पण सांगितल्यावर?

न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाची स्वयंपाकीण होती. आयर्लंडहून पोट भरायला आलेली. तिला स्वतःला कधी काही झालं नाही, पण ती ज्या घरात रांधायची तिथं टायफॉईड निघायचा. १९०७ साली तिला पकडून एका बेटावर ठेवलं. १९१० साली सोडलं, परत स्वयंपाक करणार नाही ह्या बोलीवर. तिला धुण्याचं काम मिळालं, त्यात पोट भरेना. ती नाव बदलून पुन्हा चुलीपुढं उभी राहिली, तेही बाळंतिणींच्या दवाखान्यात. १९१५ साली परत पकडली आणि १९३८ साली मरेपर्यंत तिथंच ठेवली. असेच धडधाकट रोगवाहक त्या शहरात आणखी होते. जन्मभर बेटावर मात्र हीच. ह्या बाईचा मी खूप विचार केला. तिला सांगितलं होतं. ऐकूनही तिनं केलं, म्हणून दोष आहे. पण तिच्या हातातली पळी काढून घेताना दुसरी भाकरी कुणी हातात दिली नाही. मग तो दोष एकटीचा राहतो का?

आता जातीकडं या. सोसायटीच्या सेक्रेटरीला कुणी सांगितलं नाही असं आहे का? महाडपासून सांगतोय. राज्यघटनेच्या सतराव्या कलमात १९५० पासून लिहिलंय. त्याची भाकरीही जात नाही. आईला गेटमधून आत घेतलं म्हणून त्याच्या ताटातली पोळी कमी होणार नव्हती. सांगितलेलं आहे, पोट भरलेलं आहे, तरीही त्याच्या नाकातून ते वाहतंय आणि तो म्हणतोय, मी कुठं आजारी आहे? मी तर जात मानतच नाही. खरं बोलतोय तो. त्याला जातीचा त्रास काहीच नाही. मेंढीला कुठं असतो?

हे लिहिताना राग आला की बरं वाटतं. पण राग आवरून पुढचं लिहायला पाहिजे, कारण उपमा इथंच मोडते.

जनावरांत मेंढी ती मेंढी आणि गाय ती गाय. माणूस एकाच वेळी दोन्ही असतो. बाबासाहेबांनी ह्या व्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं ते ह्यासाठीच. प्रत्येकाच्या वर कुणीतरी आहे आणि प्रत्येकाच्या खालीही कुणीतरी आहे. वरून येतं ते सोसायचं, आणि खाली सोडून द्यायचं. मरीआईच्या गाड्यासारखं. गाईपाशी रोग थांबतो. ती बिचारी सगळा आपल्या अंगात जिरवते आणि मरते, पण शेजारच्या वासरालासुद्धा देत नाही. आपल्यापाशी थांबतो का?

मावशीच्या फोननंतर साधारण महिन्याभरानं गिरणीतलं गटार तुंबलं. कंत्राटी माणूस आला. मेघवाळ असावा, मी विचारलं नाही. गटारातून वर आला आणि माझ्याकडं पाणी मागितलं. माझ्या हातात बाटली होती. त्यानं हात पुढं केला. आणि मी बाटली त्याच्या हातात दिली नाही. वरून धार धरली. त्यानं मुकाट्यानं ओंजळ केली आणि प्याला. सवय असल्यासारखा. मला माझ्या हाताचा तो उंच धरलेला कोन अजून दिसतो. तो कोन मला कुणी शिकवला? माझ्या आज्जानं त्या धारेखाली ओंजळ धरलेली होती, वर हात धरायला त्यानं मला कधी शिकवलं नाही. मला मी म्हणालो, त्याचे हात घाण होते. हे उत्तर मी कुठंतरी ऐकलेलं होतं. शब्द न्‌ शब्द तोच.

कवितेत मी सूर्य पेटवतो. पाण्याची बाटली मला खाली आणता आली नाही.

त्या रात्री घरी आलो तर मोरीच्या खिडकीत तो कप दिसला. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. आमच्या गल्लीतला संडास साफ करायला एक काका येतात, त्यांना आई दर रविवारी चहा देते. त्याच कपात. मी लहानपणापासून तो कप बघतोय, पण पाहिला नव्हता. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध, खाली खिडकीत कप. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "अरे, मी त्यांना लांब ठेवते व्हय? आमची डोंगरावरची सगळी घरं दार लावतात, मी एकटी चहा देते. कप तेवढाच रिकामा असतो." मग बराच वेळ भाकऱ्या थापत राहिली. तवा उतरवताना म्हणाली, "माझ्या बापाला जतच्या हॉटेलात करवंटीत चहा द्यायचे. बाहेर. आपली करवंटी आपण धुवून वळचणीला खोचून ठेवायची." एवढं बोलून गप्प झाली. राखणदार पेशी धन्यालाच खातात असं दोस्त म्हणाला होता, ते मला तेव्हा आठवलं. पण आईला काय सांगू?

वेगळं बांधणं म्हटलं की आपल्या माणसाच्या पोटात कालवतं. मग सगळंच वेगळं बांधणं अन्याय का? आफ्रिकेतल्या मसाई गुराख्यांना ह्या रोगाचा भाऊ पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तिकडं तो मेंढीऐवजी विल्डबीस्ट नावाच्या हरणाच्या कुळातल्या दांडग्या जनावरातून येतो. शास्त्रज्ञांना ते १९२३ साली प्रयोगानं कळलं आणि १९६० साली वॉल्टर प्लोराइट नावाच्या डॉक्टरानं विषाणू हातात धरला. (बुळकांडीची ज्या लशीनं पुढं मुळं उपटली तीही ह्याच माणसाची.) मसाई काय करतात? विल्डबीस्ट विण्याच्या हंगामात आपली गुरं घेऊन तिथून निघून जातात. चांगलं गवत सोडून. आपण बाजूला होतात, आणि दिवस संपले की परत येतात. त्या जनावराला ते पापी म्हणत नाहीत. त्याच्या पिलांच्या पिलांना शाप देत नाहीत. ह्या वेगळं राहण्याला हंगाम आहे, कारण आहे, आणि ज्याला भीती आहे त्यानं स्वतः उठून जायची रीत आहे. आमच्या वेगळं राहण्याला हंगाम कुठं होता?

मावशीच्या गावचे ते चौघे हात हलवत परत आले. धनगर लांब गेला होता. पण सुगी झाल्यावर तोच परत आला, कारण त्याला काहीच माहीत नव्हतं. मावशी वाटेवर जाऊन उभी राहिली. तिनं त्याला गाईचं सांगितलं. धनगर खालीच बसला. त्याची बायको रडायला लागली, म्हणाली, बाई आमची मेंढरं तर एक शिंकली न्हाईत. डॉक्टरच्या पोराला फोन लावला. त्यानं सांगितलं, मेंढ्या बसवा, पण गोठ्यापासून लांब, आणि मोठी झालेली कोकरं जनावरांच्या गव्हाणीकडं येऊ देऊ नका, पाण्याची भांडी एक करू नका. मग ओढ्यापलीकडं, त्याच बाभळीच्या पट्टीत, मेंढ्या बसल्या. मावशीनं ज्वारी ठरल्यापेक्षा पायलीभर कमी दिली नाही. धनगरीण संध्याकाळी घरी येऊन चुलीपाशी बसायची. मावशीकडं आता दुसरी गाय आहे. कर्ज मात्र पहिलीचंच फिटायचंय.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती ऐकत होती. गेल्या रविवारी काका आले तेव्हा मी घरातच होतो. खिडकीतला कप जागेवर नव्हता. आईनं आम्हा दोघांना स्टीलच्या ग्लासात चहा दिला, सारख्याच ग्लासात. काकांनी ग्लास घेतला, इकडंतिकडं बघितलं, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. मीही जाऊन शेजारी बसलो. त्यांना ते आवडलं नाही, असं वाटलं. चहा पटकन संपवून त्यांनी नळाखाली ग्लास स्वतःच धुतला आणि दाराशी पालथा घातला. ते गेल्यावर आईनं तो उचलून मोरीत नेला आणि परत घासला. बाकीच्या ग्लासांइतकाच घासला की जास्त, मी बघत होतो, पण ती पाठमोरी होती.